शनिवार-रविवारचे ताई-दादा वस्तीतल्या अभ्यासिकेत हवेत कशाला?

मुठेकाठ
स्पष्टच लिहितो. संध्याकाळच्या अभ्यासिकांनी 'जमेल तेव्हा येतो' म्हणणारे स्वयंसेवक घेणं बंद करावं. निदान एक शालेय वर्ष आणि आठवड्यातले दोन ठरलेले दिवस कबूल असतील तरच या. जूनमध्ये झुंबड, गणपतीत निम्मे गायब, दिवाळीनंतर दोघं-तिघं.

आमच्याकडे चौथीतली एक पोरगी ५२ वजा ३७ बरोबर २५ लिहिते. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन काढले, झालं! पाहुण्या ताईंनी फुली मारली, स्वतः गणित सोडवून दिलं आणि गेल्या. पुढच्या वेळी पुन्हा २५. तिला दहा काड्यांचा गठ्ठा सुटा करून दशक म्हणजे काय ते दाखवायला हवं, मग दोन दिवसांनी परत विचारायला हवं. ते कोण करणार?

मुंबई-वडोदऱ्यातला 'बालसखी' प्रयोग बघा. शाळा पूर्ण केलेल्या, आसपासच्याच मुलींनी मागे पडलेल्या मुलांना शिकवलं आणि गुण खरंच वाढले. बॅनर्जी-द्युफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांचा २००७ चा अभ्यास आहे. बीएड नव्हतं, पण त्या रोज येत होत्या.

हिंजवडी_लटकंती
अर्धीच गोष्ट सांगितलीत. बालसखी शाळेच्या वेळेत शिकवायच्या आणि त्यांना मानधन होतं. फुकट राबणाऱ्यांशी तुलना कशी करता? शाळेबाहेरचं उदाहरण हवं तर उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचं घ्या. तिथे गावातल्या बिनपगारी तरुणांनी थोडक्या प्रशिक्षणावर वाचनवर्ग चालवले आणि जी मुलं आली त्यांचं वाचन चांगलंच सुधारलं.

आणि तुमची अट पाळायची तर मला चारलाच लॅपटॉप मिटावा लागेल. म्हणजे नोकरदारांनी घरीच बसायचं का?

मुठेकाठ
'जी मुलं आली' हे सोडू नका. तिथल्या मुलांपैकी साधारण ८ टक्केच आली होती. शिवाय ते वर्गही रोजचे होते, रविवारचे नव्हेत.

निवृत्त मास्तर
तुम्ही दोघं चुकीच्या दारात भांडताय. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २४ : प्रत्येक मुलाची पारख करून लागेल तेवढं जादा शिकवणं हे शिक्षकाचं काम आहे. ते शाळेकडून करून घ्यायचं सोडून आपण खोलीभाडं भरत बसतो. अभ्यासिका जितकी चांगली, तितकी शाळा निर्धास्त.

हिंजवडी_लटकंती
मास्तर, त्याच कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीला शिक्षक न्यायची मुभा देतं, हेही सांगा की. शाळा सुधारेपर्यंत ती पोरगी दहावीला पोचेल.

चाळ नं. नाही
मी अशाच अभ्यासिकेत वाढलोय म्हणून लिहितो. दादा कोण आला याचं आम्हाला फारसं पडलेलं नसायचं. घर एका खोलीचं, त्यात टीव्ही, धाकटी भावंडं, आईची भाजीची पाटी. सहा ते आठ बसायला सतरंजी आणि ट्यूबलाइट मिळायची, तेच मोठं होतं. कायम असायच्या त्या फक्त किल्लीवाल्या बाई, वस्तीतल्याच. कोण आलं नाही, कुणाला आज जेवण नाही, सगळं त्यांना ठाऊक. आणि त्यांनाच सगळ्यांत कमी पैसे. पाहुणे मात्र वाढदिवसाचा केक आणून आमच्यासोबत फोटो काढायचे. ते आधी बंद करा.

मुठेकाठ
हेच म्हणतोय. शनिवारवाल्यांनी महिन्याला वर्गणी काढून त्या बाईंना नीट मानधन द्यावं. मुलांसमोर यायचं कारण नाही.

हिंजवडी_लटकंती
वर्गणी देईन, आजपासून. पण पैसे चालतात आणि माणूस चालत नाही, हे नाही पटत. त्या बाईंनाच विचारा ना, शनिवारी त्यांना काय हवंय. माझ्याकडून वाचून घ्यायला चार पोरं दिली तर त्यांना तेवढ्या वेळात तुमच्या वजाबाकीवालीला घेऊन बसता येईल.

चाळ नं. नाही
विचारा जरूर. फक्त केक नेऊ नका.