मदत हवी आहे: नाशिकमध्ये तबल्याची पुडी (वरचं चामडं) चांगली कोण बसवून देतं?

नमस्कार मंडळी, सिडकोत राहते. बहिणीचा मुलगा सहावीपासून माझ्याकडेच आहे, आता अकरावीला, आणि तबल्याचं वेड म्हणजे जेवताना ताटावर पण बोटं चालूच असतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'प्रवेशिका पूर्ण' परीक्षा झाली, आता पुढच्या 'मध्यमा प्रथम'ची तयारी चालूय, पण या पावसात तबल्याची शाई (पुडीवरचा काळा गोल) कडेने उडाली, बाजूचे लाकडी गट्ठे किती ठोकले तरी सूर उतरतोच. साडेपाच इंची आहे, काळी एक या सुराला लावतो.

मागच्या वेळी एका दुकानात पुडी बदलली ती चार महिन्यांत गेली, म्हणून यावेळी हातात कसब असलेला माणूसच हवा, पंचवटी, रविवार कारंजा, नाशिकरोड कुठेही चालेल, मी स्वतः घेऊन जाईन. खर्च साधारण किती येतो तेही सांगा.

नातेवाईक म्हणतात बारावीपर्यंत तबला बंद कर. मी नाही करणार. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी याच नाशकात आश्रम काढला होता, या गावात पोराला तबला वाजवायला मिळू नये हे मला पटत नाही.

आणि हो, संध्याकाळी लेहऱ्याला (तबल्याच्या साथीला सतत फिरणारी धून) हार्मोनियम धरणारं कुणी असेल तर प्लीज कळवा, तो सध्या मोबाईलवरच लेहरा लावून बसतो.