पुन्हा: शनिवारचे शिंगाडे – तारीख पुढे ढकलायची का?

मंडळी,
बॉस्टनजवळच्या चार्ल्स नदीत माजलेले शिंगाडे उपटायला शनिवारी जाणाऱ्या आपल्या १६ जणांपैकी ११ जणांनी कालपासून नावं मागे घेतली. कारण एकच, आषाढी. मंडळाची सहल आटोपल्यावर ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी करू, असं बहुतेकांचं म्हणणं आहे. आज संध्याकाळपर्यंत कळवलं नाही तर आठ कनू (वल्ह्यांच्या होड्या) आपल्या नावावर अडकून राहतील. होकार किंवा नकार, एवढंच लिहा.
– सचिव

*

ऑगस्टला माझा साफ नकार.

गेल्या वर्षी जे आले होते त्यांना आठवत असेल, नदीच्या ऑबर्नडेल कोव्ह या खाडीच्या त्या आतल्या वळणावर पाणी दिसतच नव्हतं. वर हिरवी सतरंजी. खाली ऊन पोचत नाही, पानं कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. आपण ज्या बागेत दरवर्षी जेवायला बसतो तिच्या काठाची ही गत.

आता तारखेचं. ही वनस्पती दर हिवाळ्यात मरते. पुढच्या वर्षी उगवते ती फक्त तळाला पडलेल्या फळांतून. एका बीपासून पाण्यावर तरंगणारे पानांचे १० ते १५ गुच्छ होतात आणि एकेका गुच्छाला १५-२० फळं धरतात. गाळात पडलेलं बी १२ वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतं. जुलै सरताना फळं पिकायला लागतात. ऑगस्टात तुम्ही गुच्छ उचलला की पिकलेली फळं देठापासून सुटतात आणि सरळ तळाला जातात. उपटायला जाऊन आपण पेरणी करून येऊ. दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी कृपा करून एवढं लक्षात घ्यावं.
– वॉलथॅमच्या काकू

*

काकू, हा आपला उपासाचाच शिंगाडा का? मी भंडाऱ्याचा. आमच्याकडे मालगुजारी तलावांत ढीवर लोक शिंगाडा लावायचे, छातीभर पाण्यात उभं राहून तोडायचे. थंडीत बाजारात उकडलेले काळे शिंगाडे मिळायचे, शाळेतून येताना खिसे भरून आणायचो. ज्या पिकावर तिकडे घरं चालतात ते इथे मुळासकट काढून फेकायचं, हे मला गेल्या वर्षीही जड गेलं होतं. आलो होतो, तरी जड गेलं होतं.
– फ्रेमिंगहॅमहून

*

दादा, घराणं तेच, पण आपल्या शिंगाड्याला दोन शिंगं, इथल्याला चार काटे आणि टोकं सुईसारखी. साध्या चपलेतून आरपार जातात. इथे हा मुळात नव्हताच. १८७७ मध्ये केंब्रिजला हार्वर्डच्या वनस्पती उद्यानात लावलेला होता आणि दोन वर्षांनी तिथल्या माळ्याने फ्रेश पाँड वगैरे तळ्यांत बिया टाकल्या. तिथून पसरला. तलावात लावणारा असतो तसा तोडणाराही असतो. नदीत तोडणारं कोणी नाही, म्हणून हे काम आपल्याकडे आलं.

मूडी स्ट्रीटच्या बंधाऱ्यामागे पाणी संथ आणि उथळ आहे, हिरवळींवरचं खत पावसाबरोबर नदीत उतरतं, त्यामुळे याला हवं ते सगळं तिथे मिळतं. कापणीचं यंत्र मोकळ्या पाण्यात चालतं, काठाजवळ आणि आतल्या बोळांत हातानेच काढावं लागतं.
– वॉलथॅमच्या काकू

*

तारखेवर बोलण्याआधी एक मुद्दा. नदीकाठची कामं आजवर पर्यावरण समितीकडे होती. एप्रिलमधल्या अर्थ डेच्या सफाईची पिशव्या-हातमोज्यांपासून सगळी जुळवाजुळव आम्ही नऊ वर्षं करतो आहोत. शनिवारची नोंदणी परस्पर झाली, आम्हाला यादीवरूनच कळलं. विचारलं असतं तर आषाढीची तारीख मे महिन्यातच लक्षात आणून दिली असती. काम चांगलं आहे, विरोध नाही. पण विचारावं.
– समितीतर्फे

*

समितीच्या ताईंना: चूक माझी. जागा पटकन भरत होत्या म्हणून आधी नोंदवल्या आणि तुम्हाला फोन करायचा राहिला. पुढच्या वर्षी नोंदणी तुमच्याकडूनच होईल. आज मात्र तारखेचं सांगा.
– सचिव

*

एकादशीबद्दल. कालनिर्णयात शनिवार आहे, तो भारतातला. तिथी सूर्योदयावर धरतात आणि आपला सूर्योदय तिकडच्यापेक्षा सुमारे नऊ तास मागे. इथल्या पंचांगात यंदा एकादशी शुक्रवारी येते. शनिवारी सकाळी पारणं सोडून नऊला नदीवर पोचता येईल. ज्यांनी नावं काढली त्यांनी घरचं कॅलेंडर पुन्हा बघावं.
– गुरुजींशी बोलून, लेक्सिंग्टन

*

आम्ही पंढरपूरबरोबरच धरतो. तिकडे चंद्रभागेच्या वाळवंटात माणसं उभी असताना इथे आदल्या दिवशीच एकादशी उरकायची, हे मनाला पटत नाही. माझ्या आईने कधी चुकवली नाही, मीही चुकवणार नाही.

पण येणार. उपास निर्जळी नाही, राजगिऱ्याचा लाडू आणि ताक बरोबर घेईन. कनूत बसून हात चालवायचे आहेत, डोंगर चढायचा नाही. मी १९९४ साली इथे आले. पुढच्याच वर्षी ईपीएने (अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण खात्याने) या नदीच्या खालच्या भागाला 'डी' श्रेणी दिली. कामावर सगळे सांगायचे, पाण्याला हात लावू नकोस. आता माझी नात त्याच नदीत वल्हं मारायला शिकते. ज्यांनी ती स्वच्छ केली त्यांनीही कुठला तरी शनिवार दिलाच असेल. माझं नाव परत घाला.
– न्यूटनच्या आजी

*

आजींच्या ताकाला अनुमोदन. वर पारण्याचं लिहिलंय, पण द्वादशी किती वाजेपर्यंत आहे ते कोणी सांगेल का? आमच्याकडे द्वादशी टळू देत नाहीत.
– नेटिक

*

काढलेले शिंगाडे घरी नेता येतील का? सोलून पीठ करता येईल असं सासूबाई म्हणतात.
– श्रूजबरी

*

नको. गिरण्यांच्या काळापासून या नदीच्या तळाला काय काय साचलं आहे, आणि फळं त्याच गाळावरच्या पाण्यात वाढलेली. शिवाय एक बी गाडीतून निसटून दुसऱ्या तळ्यात पडलं तर तिथे नवी सुरुवात. सगळं काठावरच्या ढिगातच टाकायचं आणि घरी निघण्याआधी कनू, बूट, टोपल्या झटकून बघायच्या. सासूबाईंना माझ्याकडचं पीठ देते, नुकतंच पुण्याहून आलंय.

नव्यांसाठी: गुच्छ ओढायचा नाही, तुटतो. देठाला धरून सावकाश वर घ्यायचा, मुळासकट येतो. मग लगेच टोपलीत. लांब बाह्यांचे हातमोजे आणि बंद बूट हवेतच. पाऊस असला तरी जायचं, वीज असेल तर नाही.
– वॉलथॅमच्या काकू

*

माझंही परत घाला. मुलगा येतोय, १४ वर्षांचा, चालेल ना? आणि तोडणीचं दुःख झालं तरी या वेळी मी पुढच्या टोकाला बसेन, हात लांब आहेत.
– फ्रेमिंगहॅमहून

*

चालेल. मोठ्या माणसाबरोबर बसायचं, लाइफ जॅकेट काढायचं नाही. आतापर्यंत १३ झाले. आणखी तिघं हवीत. कनू देणाऱ्या संस्थेला तारीख कायम म्हणून कळवते आहे.
– सचिव

*

समितीकडे एप्रिलचे हातमोजे उरलेत, पण आखूड आहेत, यासाठी उपयोगी नाहीत. कपडे धुण्याच्या सहा टोपल्या माझ्या गॅरेजमध्ये आहेत, त्या आणते. आठला निघेन, गाडीत दोन जागा आहेत. रिव्हरसाइड स्टेशनवर कोणी ट्रेनने येणार असेल तर तिथून घेता येईल. तिघांपैकी एक मी.
– समितीतर्फे