पार्माची पिवळी-निळी जर्सी: कुठल्या हंगामाची, आणि पावसाळ्यात कशी जपायची?

साखळीकर
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पार्मा या इटालियन फुटबॉल क्लबची जुनी जर्सी मिळाली. पिवळे-निळे आडवे पट्टे, छातीवर प्रायोजक कंपनी पार्मालाटचं नाव. पण पार्माची जर्सी पांढरी, काळ्या क्रॉसची ना? ही कधीची? छपाई हाताला चिकट लागते, आणि जून तोंडावर आलाय.

फातोर्डा पूर्व
आधी कंपनीचं चिन्ह बघा. लोट्टो असेल तर १९९८-९९. पुढच्या हंगामापासून चॅम्पियन कंपनी आली. लोट्टोची असेल तर जिवापाड जपा. प्रशिक्षक मालेसानींचा तो संघ: गोलमध्ये बुफॉन, मागे थुराम आणि कान्नावारो, पुढे क्रेस्पो आणि किएझा. १२ मे १९९९ ला मॉस्कोत फ्रान्सच्या मार्से क्लबला ३-० हरवून युएफा कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, जिंकला तो याच पट्ट्यांत. त्याच महिन्यात फिओरेंटिनाला मागे टाकून कोप्पा इतालिया हा इटलीतला कपही.

डिचोली
क्रॉस अस्सल आणि पट्टे प्रायोजकाचे, असं मात्र समजू नका. क्लब १९१३ चा. संगीतकार वेर्दीच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून पहिलं नावही वेर्दीचंच होतं. सुरुवातीची जर्सी पिवळ्या-निळ्या चौकटींची, कारण ते शहराचे रंग. क्रॉस आला पहिल्या महायुद्धानंतर. २००३ च्या शेवटी पार्मालाट कोसळली, २००४ मध्ये क्लब नव्या नावाने उभा राहिला आणि क्रॉस परतला. २०१५ च्या दिवाळखोरीनंतर चौथ्या पायरीच्या सेरी डी लीगपासून सलग तीन बढत्या घेऊन २०१८ मध्ये सर्वोच्च लीग सेरी आ गाठली, तीही क्रॉस मिरवतच.

फातोर्डा पूर्व
चौकटींचा मुद्दा बरोबर. पट्ट्यांचे रंग शहराचेच.

फोंडा तिस्क
आता छपाईचं. चिकट लागते म्हणजे प्लास्टिकचा थर मऊ पडलाय. तशीच घडी घातली तर छपाई छपाईला चिकटेल आणि उलगडताना अक्षरं सोलून निघतील. मध्ये बटर पेपर घाला, घडी छपाईवरून नको. डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने थर आणखी मऊ होतो. प्लास्टिकच्या पिशवीऐवजी सुती पिशवी, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. ओल धरली की बदला.

धुताना उलटी करून, थंड पाण्यात, सौम्य द्रव साबणाने, हातानेच. पिळू नका; टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली सपाट पसरा. छपाईवर इस्त्री नाही. बुरशीचे ठिपके दिसले तर एक भाग पांढरा व्हिनेगर, चार भाग पाणी, अर्धा तास, मग धुवा. आधी आतल्या शिवणीवर रंग जातो का ते बघा. ब्लीच लावलंत तर निळा रंग गेलाच म्हणून समजा.