मदत हवी आहे: घरच्या भट्टीत ओतलेल्या ॲल्युमिनियमला आतून छिद्रं पडतायत

नमस्कार मंडळी, ओतकामातलं कोणाला कळत असेल तर प्लीज सांगा, तीन वेळा ओतून झालं आणि तिन्ही वेळा तेच.

लोखंडी बादलीला आतून फायरक्ले (आच सोसणारी माती) आणि वाळूचं जाड अस्तर दिलंय, खालून पाइप घालून ब्लोअर जोडलाय, जळण लाकडी कोळसा. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं त्यामुळे आच कमी पडत नाही, उलट जास्तच होत असावी, कारण साच्यात मध्येच गोठेल या भीतीने मी मूस (धातू वितळवायचं भांडं) लाल झाल्यावरही पाचदहा मिनिटं तशीच ठेवतो.

आधी कोल्ड्रिंकचे कॅन टाकले होते, पत्रा इतका पातळ की नुसती मळीच जास्त निघाली, ते सोडून दिलं. आता जुने पिस्टन वापरतो, त्यात सिलिकॉन असतं म्हणून धातू साच्यात छान पळतो.

पुली ओतली, बाहेरून एकदम स्वच्छ. हॅक्सॉने मधोमध कापली तर आत दोन तऱ्हेची छिद्रं! कडेकडेने टाचणीच्या डोक्याएवढी, गोल, आतून गुळगुळीत. आणि मधल्या जाड भागात एक वेडीवाकडी पोकळी, भिंगातून बघितलं तर आत काटेरी, खरखरीत, आणि वरच्या बाजूला बरोबर तिथेच खळगा पडलाय.

माझ्या मते गोल छिद्रं हायड्रोजनची, साच्याच्या वाळूतल्या ओलीमुळे किंवा धातू फार तापवल्यामुळे, कारण जितका गरम तितका तो गॅस जास्त पितो. पोकळी मात्र आकसण्याची असणार, जाड भाग सगळ्यात शेवटी गोठतो आणि तेव्हा त्याला वरून धातू मिळतच नाही, मी रायझर (गोठताना धातू पुरवणारा वरचा जास्तीचा साठा) ठेवलाच नव्हता. बरोबर आहे का हे? रायझर त्या जाड भागापेक्षा रुंद हवा ना, म्हणजे तो नंतर गोठेल? आणि साच्याच्या वाळूत बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी चिकण माती) घालून मुठीत दाबली की गोळा होतो, मोडला की सरळ दोन तुकडे होतात, एवढंच पाणी घालतो, तरी जास्त होतंय का?

अजून एक, मूस म्हणून स्टीलचं भांडं आहे, त्याचा तळ पातळ झालाय, लोखंड ॲल्युमिनियममध्ये विरघळतं हे नंतर वाचलं. भरलेलं भांडं उचलताना तळ सुटला तर काय होईल या विचाराने आता हातच लावत नाहीये, ग्रॅफाइटची मूस आणणार आहे. ती पहिल्यांदा वापरताना तडकू नये म्हणून तुम्ही कशी तापवता?