पोलीस दलातील जागल्यांना संरक्षण : नियमांच्या मसुद्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

पोलीस दलातील गैरप्रकार दलातल्याच कर्मचाऱ्याने उघडकीस आणले, तर अशा जागल्याचे (व्हिसलब्लोअरचे) संरक्षण कसे करावे, या विषयावर नियमांचा एक नमुना मसुदा मी तयार करत आहे. कायदे वाचून झाले आहेत, पण कलमे लिहायला बसल्यावर काही ठिकाणी अडलो आहे. पोलीस सेवेचा, सेवाविषयक कायद्याचा किंवा विभागीय चौकशीचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्यावर बहुतेक कायद्यांचा भर असतो. मात्र कोठडीतील मारहाण किंवा पंचनाम्यातील फेरफार त्या वेळी हजर असलेल्या तिघाचौघांनाच ठाऊक असतो, त्यामुळे नाव झाकले तरी मजकुरावरूनच माणूस ओळखू येतो. निनावी तक्रारी स्वीकाराव्यात, तर पुढची विचारपूस कोणाकडे करायची हा प्रश्न उरतो. भारताच्या २०१४ च्या जागल्या संरक्षण कायद्याने निनावी तक्रारींना जागाच ठेवलेली नाही. (अर्थात, संसदेने संमत केलेला तो कायदा अजून अंमलातही आलेला नाही.)

याहून अवघड बाब म्हणजे सूड उगवला जातो तो रीतसर आदेशांतून. बदली, नाकारलेली रजा, गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेरा, जुने प्रकरण उकरून लावलेली विभागीय चौकशी, यांतला प्रत्येक आदेश सुटा पाहिला तर नियमात बसणाराच असतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार, तक्रार केल्याचे आणि त्यानंतर नुकसान झाल्याचे दाखवून दिले की, कारवाईमागे वेगळे व उचित कारण होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कारवाई करणाऱ्यावर येते. तत्त्व मला पूर्णपणे पटते, परंतु ‘प्रशासकीय निकड’ एवढे दोन शब्द जिथे कोणत्याही बदलीला पुरतात, तिथे ते कितपत टिकेल याविषयी मी साशंक आहे. म्हणून तक्रारीनंतर ठरावीक काळ प्रतिकूल आदेशांना दलाबाहेरील यंत्रणेची पूर्वसंमती बंधनकारक करावी, असे मी लिहिले आहे. शिस्तबद्ध दलात हे व्यवहार्य ठरेल का? आणि संरक्षण म्हणून बदली करायची झाल्यास तक्रारदाराची लेखी संमती घेणे पुरेसे आहे का?

सहकाऱ्यांच्या बहिष्कारावर तर मला एकही नीट कलम सुचलेले नाही. न्यूयॉर्क पोलीस दलातील भ्रष्टाचार उघड करणाऱ्या फ्रँक सर्पिको यांना फेब्रुवारी १९७१ मध्ये छाप्यादरम्यान चेहऱ्यावर गोळी लागली, तेव्हा सोबतचे पोलीस मदतीला आले नाहीत, असे त्यांनी पुढे सांगितले. इतर नोकऱ्यांत अबोला जाचक असतो, या नोकरीत तो जिवावर बेतू शकतो. तरीही ब्रिटनच्या १९९८ च्या जागल्या संरक्षण कायद्यातून पोलीस अधिकारी सुरुवातीला वगळलेले होते; त्यांना २००४ मध्ये त्यात आणले गेले.

कुमक मुद्दाम न पाठवणे किंवा उशिरा पाठवणे हे स्वतंत्र गैरवर्तन ठरवायचे असेल, तर हेतू सिद्ध कसा करावा? नियंत्रण कक्षाच्या वायरलेस संदेशांच्या नोंदी तक्रारीच्या दिवसापासून जतन करण्याची सक्ती करावी, एवढेच सध्या सुचले आहे. कोणत्याही देशाच्या पोलीस नियमांत अशी तरतूद असल्यास कृपया कलमासह कळवावे.