इन्व्हर्टर ओरडतोय म्हणजे बॅटरीच गेली का? तुमचे अनुभव सांगा

परवा रात्री लाईट गेली आणि दहाव्या मिनिटाला इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. बॅटरी जेमतेम २ वर्षांची. दुरुस्तीवाला फोनवरच म्हणाला, "बॅटरी गेली, नवीन घ्या." सकाळी बघतो तर पॉझिटिव्ह टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर, नट बोटाने फिरतोय! इन्व्हर्टर आणि मेन बंद करून आधी निगेटिव्हची, मग पॉझिटिव्हची वायर सोडवली. टर्मिनल गरम पाण्याने साफ केलं, कोरडं पुसून नट आवळला, वर पेट्रोलियम जेली. काल ३ तास पंखा चालला. तुमच्याकडे अलार्म का वाजला, शेवटी काय निघालं? सविस्तर लिहा.

---

आमच्याकडे उलटं. लाईट असूनही संध्याकाळी इन्व्हर्टर बॅटरीवर जायचा. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १६०-१७० वर येतं आणि मागचं बटण 'यूपीएस' मोडवर होतं. त्या मोडला साधारण १८० च्या खालची लाईट चालत नाही. 'नॉर्मल'वर केलं, थांबलं.

---

मी दापोलीची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. लो बॅटरीचा अलार्म वाजून इन्व्हर्टर बंद पडला आणि बॅटरी तशीच रिकामी राहिली. वीज आल्यावर अर्ध्या तासात 'फुल चार्ज' दिसलं, केवढा आनंद! पण लाईट गेली की ५ मिनिटांत अंधार. डिस्टिल्ड वॉटर घातलं, दोन दिवस चार्जिंगला ठेवलं. हायड्रोमीटर (ॲसिडच्या घनतेवरून चार्ज किती ते दाखवणारं साधन, हिरवा पट्टा म्हणजे पूर्ण चार्ज) एकेका सेलमध्ये बुडवून पाहिला, सहापैकी एकाही सेलमध्ये तो हिरव्या पट्ट्यापर्यंत तरंगला नाही. प्लेटांवर सल्फेट बसलं होतं. शेजाऱ्यांकडे जनरेटर होता हो, तेव्हाच चार्ज करून घ्यायला हवी होती. अजून हळहळ वाटते.

---

बाबांना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होता, ५ लिटरचा. त्याला कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस जोडला. लाईट जाताच सलग एकच आवाज आणि सगळं बंद. ओव्हरलोड. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो ३६० वॅटचा. कॉन्सन्ट्रेटरच ३५० च्या आसपास घेतो, त्यात कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका वेगळा. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी बटणं दाबत होतो. दुसऱ्याच दिवशी मोठा साइन वेव्ह इन्व्हर्टर बसवला आणि मुद्दाम मेन बंद करून तासभर चालवून पाहिला. तरी भरलेला सिलिंडर शेवटपर्यंत पलंगाशेजारीच ठेवला.