रात्रीचा फटफटाट: तुमचेही अनुभव लिहा

रानजाई
आजच्या पेपरात फोटो आहे. बुलेटचे जप्त केलेले सायलेंसर रस्त्यावर ओळीनं मांडलेत आणि वरून रोडरोलर चाललाय. चहा तसाच राहिला माझा. २०११ चा उन्हाळा आठवला. बाबांची बायपास होऊन घरी आणल्याचा चौथा दिवस. खोली रस्त्याकडेची, खिडक्या उघड्या. रात्री पावणेबाराला कुणीतरी बरोबर खाली गाडीचा फटाका काढला. बाबा दचकून उठले ते टाक्यांवर उशी घट्ट धरून पहाटेपर्यंत बसून राहिले. मी पायाशी. या माणसानं पंचवीस वर्षं जावा चालवली होती. "गाडीचा आवाज घरच्यांना कळावा, गल्लीला नाही," म्हणायचे. फार वर्षं मनात होतं हे. तुमचंही लिहा.

कोमट_चहा
आमच्याकडे ११.४०. रोज. बाळ नुकतंच झोपलेलं असतं. एका हातानं टाइप करतेय, नंतर येते.

पंचगंगा
रानजाई, वाचून पोटात तुटलं. आमच्या कोल्हापुरात असल्या सायलेंसरला पुंगळी म्हणतात. पुंगळीवाला गल्लीच्या तोंडाशी आला की आमचा मोती पलंगाखाली जातो, मग भाकरी दाखवली तरी येत नाही. दिवाळीत एक वेळ समजू शकतो, पण रोज?

पाना_पक्कड
गॅरेज आहे माझं. कंपनीच्या सायलेंसरमध्ये पडदे आणि नळ्या असतात, आवाज तिथे मरतो. ते काढलं की नुसता पाइप उरतो. फटाका म्हणजे पळत्या गाडीचा स्विच बंद करून लगेच चालू करायचा. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाइपात जाऊन भडकतं. पोरं येतात विचारायला, मी परत पाठवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) वाचून दाखवतो: २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, लायसन्सही तीन महिने जातं. काही ऐकतात. बाकीचे दुसरीकडून करून घेतात, त्याचं वाईट वाटतं.

फळा_खडू
शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र धरतात. मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. आमच्या शाळेचा फलक गुलमोहराच्या फांदीआड गेला होता, शिपाईमामांनी फांदी छाटली. पण शुद्धलेखन घालताना मी अजूनही शब्दाच्या मध्येच थांबते, गाडी जाऊ देते, मग पुढचं सांगते. दुसरीची मुलं पेन्सिल वर धरून थांबायला शिकलीत. हे त्यांना शिकवायचं नव्हतं मला.

८_२२_ची_लोकल
मुंबईत पोलिसांनी काही सिग्नलांवर आवाज मोजायचं यंत्र लावलं होतं, २०२० च्या सुरुवातीला त्याची खूप चर्चा झाली. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. अशी शिक्षा सगळ्यांना लगेच कळते. गावोगावी हवी.

इझार_काठ
म्युनिकहून. सीमेपलीकडे ऑस्ट्रियात, तिरोलच्या रॉयटं जिल्ह्यात, २०२० पासून उन्हाळ्यात काही रस्त्यांवर ९५ डेसिबलच्या वरच्या मोटारसायकलींना बंदी असते. उभ्या गाडीचा आवाज मोजलेला असतो, आकडा गाडीच्या कागदावर छापलेला. नवऱ्याची ९६ ची निघाली. डबा जर्मनीतच तळ्याकाठी खाल्ला. मेथीचे ठेपले होते :)

पंचगंगा
ठेपल्यांना तिकडे मेथी मिळते? ताजी?
@रानजाई जावा आहे ना अजून? विकू नका हो. आमच्या काकांनी भंगारात दिली, अजून हळहळतात.

रानजाई
आहे, साताऱ्याला दादाकडे. दसऱ्याला हार घालतो.

इझार_काठ
कुंडीत लावते मेथी. बाल्कनीत येते छान.

अबोली
लिहू की नको करत होते. माझ्याच मुलानं बसवला होता तसला सायलेंसर, पहिल्या पगारातून. ओरडले, अबोला धरला, काही उपयोग नाही. मग समोरच्या काकू ऑपरेशन होऊन घरी आल्या, तेव्हा त्याच्या हातात पेजेचा डबा देऊन पाठवलं. काकूंनी तक्रार केली नाही. रात्री झोप लागत नाही, एवढंच म्हणाल्या. रविवारी त्यानं कंपनीचा परत बसवला. आधीच जायला हवं होतं मी काकूंकडे.

पाना_पक्कड
ताई, कंपनीचा जुना टाकू नका, हेच मी गिऱ्हाइकांना सांगतो. परत बसवायला अर्धा तासही लागत नाही.

कोमट_चहा
आले. झोपलं एकदाचं. @अबोली, ११.४० वाला आमच्या मागच्या गल्लीतला आहे, त्याची आई भाजीला भेटते मला. उद्या जाते. बाळाला नेऊ का सोबत?

अबोली
न्या.